चौदाव्या आठवड्यापासून नवव्या महिन्यापर्यंत

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकाकडे बाळाच्या आहाराच्या दृष्टीने पाहिले, की त्यातील एक मोठी पोकळी लगेच लक्षात येते. जन्माच्या वेळी बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ-ब. त्यानंतर ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस आणि त्यांच्या जोडीच्या लसी. आणि मग थेट नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. म्हणजे सव्वातीन महिन्यांचे बाळ लस घेऊन एकदा घरी गेले, की पुढचे जवळजवळ पावणेसहा महिने, ताप-खोकल्याचा अपवाद वगळता, आईला आरोग्य केंद्रात येण्याचे काहीही कारण उरत नाही. बाळाच्या आहारातील दोन सर्वांत मोठ्या गोष्टी मात्र नेमक्या याच काळात घडतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात निव्वळ स्तनपान मोडते आणि सहावा महिना संपल्यावर जे वरचे अन्न सुरू व्हायला हवे, ते एक तर उशिरा सुरू होते किंवा पाण्यासारखे पातळ सुरू होते.

नागपूर जिल्ह्यातील एका ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर शहरातील एका नागरी आरोग्य केंद्रात काम करताना माझे मत हळूहळू असे बनले, की बालकाहार सुधारण्याचा प्रश्न हा मुख्यतः अज्ञानाचा नसून भेटीच्या तारखांचा आहे. ‘सहा महिने फक्त आईचे दूध’ हे वाक्य आमच्या भागातील बहुतेक आयांना पाठ आहे; भिंतींवर ते रंगवलेले आहे, कार्डावर छापलेले आहे, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे स्तनपान सप्ताहात, त्याच्या घोषणाही होतात. पण रात्री दोन वाजता बाळ रडत असताना, किंवा सासू वाटीत वरणाचे पाणी घेऊन समोर उभी असताना, त्या वाक्याचा उपयोग कसा करायचा हे सांगणारी व्यक्ती त्या आठवड्यात घरी येऊन गेलेली असावी लागते. नंतर कितीही सांगितले तरी ते बोलणे उरकलेल्या लग्नाच्या पत्रिकेसारखे ठरते.

पहिल्या तासापासूनच सुरुवात करू, कारण तेथे तारखेची अडचण नाही. बाळंतीण आमच्याच ताब्यात असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशातील ७८.९ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या होत्या, पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण मात्र ४१.६ वरून जेमतेम ४१.८ टक्के झाले. घरातील सुईणीच्या हातून बाळंतपण रुग्णालयाच्या खोलीत आणण्यात आपण यशस्वी झालो, पण बाळाला पहिल्या तासात छातीशी लावण्यात नाही. आता याचा दोष आजीच्या मधाला आणि गुळाच्या पाण्याला देणे फारसे खरे नाही, कारण पहिला तास आजीच्या हातात नसतोच. बाळ पुसायचे, वजन करायचे, रेडिअंट वॉर्मरखाली (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राखाली) ठेवायचे, कागद भरायचे, आईला टाके घालायचे, मग तिला वॉर्डात हलवायचे, या क्रमात तास निघून जातो. सिझेरियन असेल तर अधिकच. आणि पाचव्या फेरीत देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झालेल्या होत्या. यावरचा उपाय समुपदेशनाचा नसून प्रसूतिकक्षातील कामांचा क्रम बदलण्याचा आहे. रडणारे, नीट श्वास घेणारे बाळ पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवावे, दोघांवर मिळून एक कापड घालावे, नाळ एक ते तीन मिनिटे थांबून कापावी आणि वजन, इंजेक्शन, नोंदी ही सारी कामे पहिले स्तनपान झाल्यावर करावीत. वजन तासाभराने केले म्हणून काही बिघडत नाही. ज्या परिचारिकांना हे पटले त्यांच्या पाळीत पहिला चीक वाया जात नाही, आणि ज्यांना पटले नाही त्यांच्या पाळीत भिंतीवरचा फलक तोच असूनही जातो, इतके हे माणसावर अवलंबून आहे.

पहिल्या तासानंतरचे दोन आठवडे खरे कठीण असतात, आणि प्राथमिक आरोग्य सेवेने स्वतःचे बळ सर्वांत जास्त कोठे खर्च करावे असे कोणी विचारले तर मी याच दोन आठवड्यांकडे बोट दाखवीन. ‘दूध येत नाही’ आणि ‘दूध पुरत नाही’ या दोन तक्रारींपुढे घरातील सगळेच हार मानतात. तिसऱ्या दिवशीपर्यंत चीकच येत असतो, तो थोडा आणि पिवळसर घट्ट असतो, आणि तेवढाच त्या वेळी पुरेसा असतो. तरीही घरात पावडरचा डबा येतो. डबा आला की बाळ स्तनाला कमी लागते, कमी लागले की दूध कमी बनते, आणि दूध कमी बनले की डबा बरोबर होता असे सर्वांनाच वाटू लागते. या चक्रातून बाळाला सोडवायचे असेल तर पहिल्या आठवड्यातच कोणीतरी शेजारी बसून दूध पाजणे पाहिले पाहिजे. केवळ विचारून भागत नाही. बाळाचे तोंड मोठे उघडलेले आहे का, खालचा ओठ बाहेर वळलेला आहे का, हनुवटी स्तनाला टेकलेली आहे का, आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग बाळाच्या खालच्या ओठाखाली कमी आणि वरच्या ओठावर जास्त दिसतो का, या चार गोष्टी पाहिल्या की अर्ध्या तक्रारींचे कारण सापडते. स्तनाग्राला चिरा पडलेली आई हमखास सांगते, की बाळ चावते; प्रत्यक्षात बाळाने फक्त स्तनाग्र तोंडात धरलेले असते. बाळ काढून पुन्हा नीट लावले की दुखणे तेथल्या तेथे कमी होते, आणि त्या क्षणी आईचा चेहरा जे सांगतो ते कोणत्याही माहितीपत्रकाने सांगता येत नाही. दूध पुरते की नाही हे ओळखण्याची घरगुती खूणही तिला दिली पाहिजे: पहिला आठवडा उलटल्यावर दिवसरात्र मिळून सहा किंवा अधिक वेळा लघवी आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माच्या वजनाशी बरोबरी. रडणे ही खूण नव्हे. बाळे ओले झाले, उकडले, एकटे वाटले तरी रडतात.

हे पाहायला जाणारी व्यक्ती आपल्याकडे आहे, आणि तिचे मूळ विदर्भातच आहे याचा मला अभिमान वाटतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातील स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्याच अनुभवाचा आधार घेऊन २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी सुरू झाल्या: दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. तारखा उत्तम निवडलेल्या आहेत. तिसरा आणि सातवा दिवस हेच दूध ‘न पुरण्याचे’ दिवस असतात. अडचण एवढीच, की या भेटीत आशाताईला तापमान, वजन, नाळ, कावीळ, फॉर्म असे बरेच काही पाहायचे असते, आणि स्तनपान ‘चालू’ या एका शब्दात संपते. माझ्या अनुभवात ज्या आशांना आम्ही दूध पाजताना प्रत्यक्ष पाहून लिहायला सांगितले, त्यांच्या रकान्यात ‘चालू’ऐवजी ‘डाव्या बाजूला नीट लागत नाही’ अशी उपयोगी वाक्ये येऊ लागली.

आता नागपूरचा उन्हाळा. हा विषय पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत फारसा येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेले बाळ मे महिन्यात दोन-तीन महिन्यांचे असते, बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कूलर असला तरी वीज असेलच असे नाही, आणि घरात टिनाचे छत असते. अशा वेळी एखादी आजी विचारते, “मॅडम, लेकराचा गळा सुकते ना. आपण मोठे लोकं पाणी पितो, अन् त्यालेच काहून नाही?” प्रश्न अगदी रास्त आहे, आणि ‘द्यायचे नाही म्हणजे नाही’ हे त्याचे उत्तर नाही. उत्तर असे आहे, की आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, आणि प्रत्येक वेळचे सुरुवातीचे दूध तर जास्तच पातळ असते. उन्हाळ्यात बाळ अधिक वेळा, थोडे थोडे पिते आणि त्याची तहान त्यातच भागते. उष्ण हवेत फक्त स्तनपान करणाऱ्या बाळांची लघवी तपासून हे भारतातच पाहिले गेले आहे. उन्हाळ्यातील असाच एक अभ्यास १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि वरून पाणी न दिलेल्या बाळांमध्येही पाण्याची कमतरता आढळली नाही. उलट पाणी दिले, की तेवढ्या जागेचे दूध जाते, आणि मे महिन्यात टँकरने किंवा खोल गेलेल्या विहिरीतून आलेल्या पाण्याबरोबर जुलाबही येतात. आजीला मी एवढेच सांगते, की लेकराला पाणी द्यायचेच आहे, फक्त ते लेकराच्या आईला पाजून द्यायचे. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे ही समजूत आमच्याकडे अजून आहे, आणि उन्हाळ्यात तिची झळ आईला बसते. त्यामुळे पाण्याचा तांब्या, ताक आणि डाळीचे पातळ वरण आईसमोर ठेवणे, हे आजीला पटणारे आणि तिच्या हातचे काम असते. या संभाषणाची वेळ मात्र एप्रिल आहे. १४ आठवड्यांच्या लसीला मार्च-एप्रिलमध्ये येणाऱ्या प्रत्येक आईशी आम्ही उन्हाळ्याबद्दल बोलतो. मेमध्ये बोलायला गेलो तर तोवर पाण्याची बाटली आलेली असते.

बाटलीवरून आठवले. बाळाला काही कारणाने काढलेले दूध द्यायची वेळ आली, तर वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले पुरे असते, कारण ते घासून उकळता येते. बाटलीचे बूच आणि निपल नीट धुतले जात नाही. याबाबत कायदाही स्पष्ट आहे. १९९२ चा, २००३ मध्ये अधिक कडक केलेला कायदा दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या दुधाच्या पावडरी, बाटल्या आणि तयार अन्नाच्या जाहिरातीला, फुकट नमुन्यांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या भेटींना बंदी करतो. तरी शहरातील एका खासगी प्रसूतिगृहातून घरी गेलेल्या आईच्या कागदांमध्ये पावडरचे नाव लिहिलेली चिठ्ठी मी स्वतः पाहिलेली आहे, आणि तिला त्या पावडरची काहीही गरज नव्हती. यापुढे जास्त लिहीत नाही.

आता ज्या मधल्या पोकळीने सुरुवात केली, तिच्याकडे येते. पाचव्या फेरीच्या सर्वेक्षणात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालके निव्वळ स्तनपानावर होती. चौथ्या फेरीत हे प्रमाण ५४.९ टक्के होते. वाढ चांगली आहे, पण हा आकडा एक दिवसाच्या बाळापासून साडेपाच महिन्यांच्या बाळापर्यंत सर्वांचा मिळून आहे, हे विसरता कामा नये. सहा महिने पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण तो सांगत नाही. त्यापुढील आकडा अधिक बोलका आहे. ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी बालके फक्त ११.३ टक्के. दहातील नऊ बालकांचे ताट अपुरे, आणि हे केवळ गरिबीने घडत नाही. चांगल्या खात्यापित्या घरातील बाळेही वरणाच्या पाण्यावर असतात.

वरणाच्या पाण्याचे हे असे का होते, हे हिशेबाने पाहावे. सात किलोच्या बाळाचे पोट एका वेळी दोनशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे किलोमागे ३० मिलिलिटर इतकेच मावून घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आईच्या दुधाशिवाय सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला रोज सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३०० आणि एक वर्षापुढील बाळाला ५५० उष्मांक अन्नातून मिळायला हवेत. लहान पोटात एवढे उष्मांक बसवायचे तर अन्न घट्टच असले पाहिजे. डाळ खाली आणि पाणी वर, असे वाटीत ठेवून वरचे पाणी बाळाला आणि खालची डाळ मोठ्यांना, ही पद्धत पाहिली की वाटते, घरातील ज्या माणसाला सर्वाधिक गरज आहे त्याच्या वाट्याला आपण पाणी ठेवतो. घरच्यांची भीती साधी असते: घट्ट दिले तर घशात अडकेल. ती भीती काढण्यासाठी मी भात आणि तुरीचे वरण केंद्रातच वाटीत कुस्करून दाखवते. चमचा तिरपा केला तरी खाली ओघळू नये, एवढेच माप. त्यावर एक छोटा चमचा तूप किंवा तेल घातले की सुमारे ४० उष्मांक वाढतात, आणि वाटीचा आकार वाढत नाही.

याहून वेगळे, खास विकत आणलेले काहीच लागत नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावे लागते. आमच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत, रामटेक-मौद्याकडे, घरी तांदूळ असतो. काटोल-नरखेडकडे ज्वारी आणि संत्री असतात. तूर सगळीकडे असते. मऊ भात-वरण, दुधात भिजवून कुस्करलेली भाकरी, उकडलेला बटाटा किंवा लाल भोपळा, पालक-चवळीची वरणात शिजवलेली भाजी, शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट, हंगामात पिकलेली पपई. अंडे खाणाऱ्या घरात सातव्या महिन्यापासून पिवळ्यासह उकडलेले अंडे कुस्करून दिलेच पाहिजे, आणि मासे-मटणही चालते. लोह, प्रथिने या दोन्हींसाठी त्याला तोड नाही. लोहाबद्दल हट्ट धरण्याचे कारण असे, की जन्माच्या वेळचा साठा सहा महिन्यांत संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडे असते. पाचव्या फेरीत ६ ते ५९ महिन्यांची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयी आढळली, आणि आधीच्या फेरीपेक्षा ती जास्तच होती. म्हणूनच सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध द्यायचे असते. बाटली मात्र अनेकदा बंदच पडून राहते, कारण ती हातात देणाऱ्याने ड्रॉपर कसा धरायचा, दात काळे पडले तर घाबरायचे नाही, हे सांगितलेले नसते. मधाचे मात्र वर्षभर नाव काढू नये. त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंमुळे होणारी गंभीर विषबाधा, होण्याची शक्यता असते. चहा-बिस्किटाचे नाव तर त्यानंतरही काढू नये, पण ते मी सांगून कोण ऐकते!

सहाव्या महिन्याची भेट नसली तरी घरात एक तारीख असते, ती म्हणजे उष्टावण. मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करायची प्रथा आहे, त्यामुळे मुलाचे सहाव्यात आणि मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात होते. मामा येतो, चांदीच्या नाही तर स्टीलच्या वाटीतून खीर चाटवतो, फोटो होतात. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फक्त दूध. उष्टावण हा एक दिवसाचा सोहळा ठरतो, पण तो घडवून आणणाऱ्या आजी-मामांच्या जमावापेक्षा चांगली श्रोतृमंडळी आम्हाला अन्यत्र मिळत नाहीत. आमच्या भागातील अंगणवाडीताईंनी उष्टावणाच्या दिवशी घरी जाऊन वाटी-चमच्याचे माप दाखवायला सुरुवात केली तेव्हा कोणालाही तो सरकारी कार्यक्रम वाटला नाही. मुलींच्या बाबतीत पाचव्या महिन्याचा मुहूर्त काढू नये, सातव्याचा काढावा, आणि तोवर सहा महिने पूर्ण झालेच असतील तर मुहूर्ताची वाट न पाहता त्याच आठवड्यापासून मऊ भात-वरण सुरू करावे, एवढी भर घालावी लागते. आजीला हा सल्ला तिची प्रथा मोडणारा वाटत नाही.

सरकारच्या बाजूनेही ही पोकळी ओळखली गेली आहे. २०१८ पासून आशाताईंच्या गृहभेटी ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना वाढवण्यात आल्या, प्रत्येक भेटीला पन्नास रुपये मानधन आहे, आणि सुरुवात आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले म्हणून सरकारने निवडलेल्या, जिल्ह्यांपासून झाली, ज्यात विदर्भातील गडचिरोली आणि वाशीम होते. सहावा महिना त्या यादीत आहे, हे फार महत्त्वाचे. पण पन्नास रुपयांत आशाताई एका घरी अर्धा तास बसेल अशी अपेक्षा धरणे मला थोडे निर्दय वाटते. त्यात शहरातील आशेकडे तर दोनशे ते पाचशे घरे असतात. यासाठीच हरियाणातील एक प्रयोग मला वारंवार आठवतो. तेथील काही गावांमध्ये नवे कर्मचारी न नेमता सुईणी, अंगणवाडी सेविका, परिचारिका यांनाच एकसारख्या शब्दांत स्तनपानाबद्दल बोलायला शिकवले गेले, आणि लसीकरण, वजन, घरभेट, आजारपण अशा प्रत्येक भेटीत तेच बोलले गेले. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालात तीन महिन्यांच्या बाळांमध्ये निव्वळ स्तनपानाचे प्रमाण प्रयोगाच्या गावांमध्ये ७९ टक्के आणि इतर गावांमध्ये ४८ टक्के होते, जुलाबही कमी झाले. वजन-उंचीत मात्र फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. यातून मी काढलेला अर्थ असा, की एका व्यक्तीवर सगळा भार न टाकता प्रत्येकाने एक-एक वाक्य बोलावे, आणि चौघांचे वाक्य एकमेकांना छेद देणारे नसावे. आमच्याकडे डॉक्टर ‘सहा महिने’ म्हणतात, मेडिकल स्टोअरवाला ‘चौथ्या महिन्यापासून सिरियल’ म्हणतो, आणि शेजारीण ‘माझ्या पोराला तिसऱ्यातच दिलं’ म्हणते. दोन हजार एकपूर्वीच्या सल्ल्यात ‘चार ते सहा महिने’ असे म्हटले जाई, त्यामुळे जुन्या पिढीच्या आठवणीत चार महिने पक्के आहेत, आणि आजी खोटे बोलत नसते.

एक गोष्ट मात्र या सगळ्या व्यवस्थेच्या आवाक्याबाहेर आहे. २६ आठवड्यांची प्रसूती रजा २०१७ पासून कायद्यात आहे, पण ती नोंदणीकृत नोकरी असलेल्या स्त्रीला. आमच्या वस्तीतील आई धुणीभांडी करते, बांधकामावर विटा वाहते, दुकानात उभी राहते. तिची रजा तिच्या घरातील धान्य संपेपर्यंत असते. तिला काढलेल्या दुधाबद्दल सांगावे लागते: स्वच्छ धुतलेल्या हातांनी, उकळलेल्या भांड्यात, झाकून. खोलीच्या तापमानाला दूध काही तास राहते असे पुस्तकात असते, पण मे महिन्यातील टिनाच्या खोलीला मी ते लागू करत नाही. तेथे सांगते, की माठाच्या थंडाव्यात झाकून ठेवा, थोड्या वेळातच वापरा आणि उरलेले टाकून द्या. कामावर निघण्यापूर्वी पाजा, परत आल्यावर लगेच पाजा आणि रात्री पाजायला आळस करू नका. सासूला बोंडल्याने पाजायला शिकवणे हा या सल्ल्याचा अर्धा भाग असतो, आणि तो घरी जाऊनच शिकवता येतो, कारण तिची सकाळची वेळ केंद्राच्या वेळेशी जुळत नाही.

सध्या आम्ही जे करतो ते अगदी साधे आहे. १४ आठवड्यांची लस देताना परिचारिका आईच्या माता-बाल संरक्षण कार्डावर, वाढीच्या आलेखाच्या कडेला, बाळाला सहा महिने पूर्ण होण्याची तारीख लाल पेनाने लिहिते आणि त्याच वेळी आशाताईच्या यादीत भरते. त्या आठवड्यात अंगणवाडीत वजन, लोहाचे औषध आणि कुस्करलेला भात-वरण असे तिन्ही एका भेटीत होते. जी आई येत नाही तिच्याकडे आशा जाते. माहेरी गेलेल्या बाळांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. बाळंतपणासाठी माहेरी आलेली आणि नंतर सासरी परतलेली आई दोन्ही याद्यांतून निसटते, आणि उन्हाळ्यात वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे तर एकाही यादीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी तारीख कार्डावर असण्याचा फायदा असा, की कार्ड त्यांच्याबरोबर जाते, आणि जिथे पोहोचते तिथल्या अंगणवाडीताईने ते उघडून पाहिले तर लाल शाईची तारीख तिला दिसते.